धाकटीचा हात

थोरल्या बाईंना अकरा भाषा येत होत्या, पण प्रत्येकीतली तीनच वाक्यं: "वर बघा. खाली बघा. घाबरू नका." त्यापलीकडे त्यातल्या एकाही भाषेत त्यांना साधं प्यायला पाणी मागता आलं नसतं. डोळ्यांच्या डॉक्टरला तेवढं पुरतं. सव्वीस वर्षं बाई बॅग उचलून देशोदेशी फिरल्या. कुठे तंबूत, कुठे शाळेच्या वर्गात, एकदा तर बंद पडलेल्या थिएटरात तिकीट खिडकीमागे टेबल लावून त्यांनी मोतीबिंदू काढले. जगातलं आंधळेपण कमी कसं करायचं यावर मोठ्या सभांमधून त्यांची भाषणं व्हायची, चार देशांची सरकारं त्यांचा सल्ला घ्यायची. आणि पंचावन्नाव्या वर्षी, जेव्हा शहाणी माणसं मानाच्या खुर्चीत बूड टेकतात, तेव्हा बाईंनी समोर आलेली खुर्ची नाकारली आणि डोंगरातल्या एका बारा खाटांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात येऊन बिऱ्हाड थाटलं.

"मी एकटी किती डोळे करणार?" त्या म्हणाल्या. "माझ्यामागे करणारं कुणी तयार झालं नाही, तर सव्वीस वर्षं मी नुसती हमाली केली असं होईल."

नवरा जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेला, स्वभावानं गरीब. तो म्हणाला, "चल. फक्त तिथं नळाला पाणी असू दे." नळाला पाणी नव्हतं. तो तरीही आला, आणि पुढची सहा वर्षं रोज सकाळी त्यावरून बोलत राहिला.

त्या डोंगरात जन्मून डॉक्टर झालेली पहिली मुलगी म्हणजे धाकटी. बस कंडक्टरची लेक. बाप तिकिटं फाडता फाडता प्रत्येक उतारूला सांगायचा, "माझी पोरगी डॉक्टर होतेय हं," मग त्या बिचाऱ्यानं विचारलेलं असो वा नसो. डिग्री घेऊन ती परत आली तेव्हा बाईंनी आधी तिचे हात पाहिले, चेहरा नंतर पाहिला. लांब बोटं, आणि जिथे ठेवावीत तिथे राहणारी. चार वर्षं बाईंनी तिला घासून घेतलं. पहिले सहा महिने बकऱ्याच्या डोळ्यांवर, मग एकेक टाका, मग अर्धं ऑपरेशन, मग पूर्ण. चुकली की बाई असं काही बोलायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, ही पोर उद्या नोकरी सोडणार. घरी आल्या की मात्र नवऱ्याला सांगायच्या, "पोरगी माझ्या दोन पावलं पुढे जाणार बघ." दवाखान्यात दोनच डॉक्टर, दोघी बायका, म्हणून सगळे एकीला थोरल्या बाई म्हणायचे आणि दुसरीला धाकट्या बाई.

मग गेल्या वर्षी थोरल्या बाईंच्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. घ्या! आयुष्यभर दुसऱ्यांचे मोतीबिंदू काढले, त्याची ही बिदागी. बाईंनी आरशात बघून एक सणसणीत शिवी हासडली आणि त्याच आठवड्यात चाकू खाली ठेवला. डावा डोळा शाबूत होता, रोगी तपासायला तो पुरे. पण डोळ्याच्या आत काम करायचं तर दोन्ही डोळे चांगले लागतात, नाहीतर खोलीचा अंदाज येत नाही. त्या दिवसापासून सगळी ऑपरेशनं धाकटीवर आली. तिनं पदर खोचला आणि कामाला लागली.

आठ महिन्यांनी शहरातून पत्र आलं.

मदत देणारी परदेशातली संस्था आणि इथलं सरकारी खातं यांची मिळून एक समिती होती. दर वर्षी ती सगळ्या दवाखान्यांचा एकच आकडा बघायची: ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी, चष्म्याशिवाय, शंभरातल्या किती जणांना तक्त्यावरची ठरलेली ओळ वाचता येते. थोरल्या बाई करत होत्या तोवर हा आकडा अठ्ठ्याऐंशी होता. धाकटीच्या आठ महिन्यांत तो एक्कावन्नवर घसरला होता. समिती नऊ दिवसांनी येणार होती. तिचं समाधान झालं नाही तर ऑपरेशन थिएटरला कुलूप, आणि डोंगरातल्या आंधळ्यांनी यापुढे नऊ तासांची बस धरून शहरात जायचं. म्हणजे कुणी जाणारच नाही, घरात भिंत धरून बसणार, हे समितीला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना जमीन कशी दिसणार?

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. ज्या आठवड्यात आपण थांबलो आणि धाकटी सुरू झाली, त्याच आठवड्यापासून आकडे कोसळलेले. आता याला दुसरं कारण शोधायचं तरी कुठे?

"घाई करतेस का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाई."

"मग काय चुकतंय?"

"मला कळत नाहीये," धाकटी म्हणाली. एवढंच म्हणाली आणि खाली बघत राहिली. ते खाली बघणं बाईंना कबुलीसारखं वाटलं.

तीन दिवस बाई थिएटरात तिच्या मागे उभ्या राहिल्या. तीन दिवस त्यांना एक चूक सापडली नाही. केलेले डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तर काचेसारखे स्वच्छ, भिंग मधोमध. कौतुक वाटायचं सोडून बाईंना उलट धास्ती वाटायला लागली. आपल्या एका डोळ्याला दिसत नाही असं काहीतरी ही बिघडवत असणार! तिसऱ्या दिवशी धाकटीचा हात थरथरला. चार वर्षांत पहिल्यांदा. बाईंनी ते पाहिलं आणि मनाशी म्हणाल्या, सापडलं.

जेवताना नवरा म्हणाला, "तू मागे उभी राहिलीस की कुणाचाही हात थरथरेल. माझ्यामागे साहेब उभा राहिला की मी सरळ बांधसुद्धा वाकडा मोजायचो."

"तुला यातलं काय कळतं?"

"डोळ्यातलं नाही कळत," तो म्हणाला, "मागे उभं राहणाऱ्यांचं कळतं."

चौथ्या दिवशी बाईंनी समितीला पत्र लिहिलं: पुढील प्रशिक्षण होईपर्यंत आमच्या डॉक्टरांची ऑपरेशनं थांबवावीत, तोवर शहरातून सर्जन पाठवावा. निदान दवाखाना तरी वाचेल, असा हिशेब. सही करताना पेन जड झालं होतं, पण सही केली. पत्र पर्समध्ये टाकलं आणि त्या टपाल कचेरीकडे निघाल्या. धाकटीला काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून. अकरा देश पालथे घातलेल्या बाईची ही गत.

टपाल कचेरीच्या अलीकडच्या गल्लीत धाकटीची आत्या राहायची. सहा महिन्यांपूर्वी भाचीनंच तिचे दोन्ही डोळे केले होते, आणि समितीच्या कागदावर तिच्यापुढे 'असमाधानकारक' असा शेरा होता. जाता जाता बघून घेऊ, म्हणून बाई वळल्या. आत्या खिडकीशी शिवण घेऊन बसली होती. वय बहात्तर, पण जीभ पंचविशीतली.

"कोण आहे ते?" दहा पावलांवरून तिनं डोळे बारीक करून विचारलं. "दुधाचा हिशेब असेल तर उद्या ये."

बाईंना अगदी कसनुसं झालं. दहा पावलांवरचं माणूस ओळखू येत नाही! "मी आहे, दवाखान्यातली."

"अगोबाई, थोरल्या बाई! या, या. बसा. एवढं बटण लावते नि चहा टाकते." असं म्हणत आत्यानं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका फटक्यात सुईत ओवलं.

बाई पायरीवर एक पाय ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, चष्मा कुठंय तुमचा?"

"चष्मा कशाला? माझी भाची डॉक्टर आहे ना! पूर्वी सुई ओवायला अर्धी गल्ली गोळा करायला लागायची. आता मीच गल्लीतल्या सुना-लेकींना ओवून देते."

"पुन्हा ओवा."

"काय?"

"दोरा काढा आणि पुन्हा ओवून दाखवा."

आत्यानं बाईंकडे जरा संशयानंच बघितलं, डॉक्टरीणबाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून. पण दोरा काढला, आणि परत ओवला. पहिल्याच फटक्यात.

आता यातली मेख सांगायला हवी. मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंग बसवतात, ते लांबचं दिसण्यासाठी. त्या माणसाला जवळचं बघायला चष्मा लागतोच लागतो. बिनचष्म्यानं त्याला सुईचं नेढंसुद्धा दिसू नये. आत्याला ते दिसत होतं. म्हणजे डोळा उत्तम होता, आत कापाकापी सुरेख झाली होती, फक्त बसवलेलं भिंगच जास्त नंबरचं होतं. जवळचं लख्ख, लांबचं धूसर. हात चुकला असता तर ना जवळचं दिसलं असतं ना लांबचं.

बाईंच्या खिशात एक काळं कार्ड होतं, मधोमध टाचणीएवढं छिद्र पाडलेलं. लांबचं धूसर दिसतंय म्हणणाऱ्याला त्या छिद्रातून बघायला लावायचं. स्पष्ट दिसलं तर डोळा ठणठणीत, दोष नंबरचा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात हे. पस्तीस वर्षं ते कार्ड बाईंच्या खिशात होतं, आणि या चार दिवसांत त्यांनी ते एकदाही बाहेर काढलं नव्हतं. दोष कुणाचा ते आधीच ठरवून टाकलं होतं ना! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"याच्यातून बघा. समोरच्या दुकानाची पाटी वाचा."

आत्यानं कार्ड डोळ्याला लावलं. "सायकल दुरुस्ती," ती वाचू लागली. "पंक्चर... काढून मिळेल. मंगळवारी बंद." तिनं कार्ड खाली घेतलं. "अय्या! मंगळवारी बंद असतं होय हे? आणि मी मेली दर मंगळवारी जाऊन त्याचं दार बडवतेय!"

बाई पायरीवर मटकन बसल्या आणि रडायला लागल्या. हुंदके देऊन, नाक पुसत, गल्लीतली माणसं बघतायत याची पर्वा न करता.

"काय झालं हो? मी काही वेडंवाकडं वाचलं का?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "तुमच्या भाचीनं डोळा एक नंबर केलाय. मला काहीतरी तिखट बोला, आत्याबाई. मला गरज आहे."

आत्याला कारण कळलं नाही, पण अशी विनंती ती कशाला नाकारतेय? चहा होईपर्यंत तिनं बाईंना पोटभर सुनावलं.

टपाल कचेरीकडे न जाता बाई थेट दवाखान्यात आल्या, त्या मोजमापाच्या खोलीत. तिथं मास्तर बसायचा. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. चाळीस वर्षं कपडे शिवले, तयार कपड्यांची दुकानं आल्यावर त्याचं मशीन गंजलं. बाईंनी त्याचा स्थिर हात पाहून त्याला कामावर घेतलं होतं. डोळ्याची लांबी मोजायचं काम त्याचं. पेनासारखी दांडी बुबुळाला हलकेच टेकवायची, यंत्र मिलिमीटर दाखवतं, आणि त्यावरून आत बसवायच्या भिंगाचा नंबर ठरतो. आधी हे काम एक नर्स करायची. तिची बदली झाली आणि मास्तर त्या खुर्चीत आला. कधी? आठ महिन्यांपूर्वी, त्याच आठवड्यात. एका आठवड्यात दोन माणसं बदलली होती आणि बाईंना त्यातलं एकच दिसलं होतं.

"मास्तर, तुमचं चालू द्या. मी नुसती बघते."

समोर एक म्हातारेबाबा बसले होते. मास्तरनं त्यांची हनुवटी टेकवली, "बाबा, हलू नका हं," म्हणाला आणि दांडी पुढे नेली. बाईंनी आपला चांगला डोळा अगदी जवळ नेला. बुबुळावर, उशीवर बोट टेकावं तसा, एक बारीकसा खळगा पडला. मास्तरनं तीनदा मोजलं. तिन्ही मापं तंतोतंत जुळली. म्हणूनच तर कुणाला शंका आली नव्हती. माणूस इतक्या इमानदारीनं चुकत होता!

"मास्तर, एवढं टेकवता?"

"मग? माप अंगासरशी घ्यावं, बाई," मास्तर अभिमानानं म्हणाला. "टेप सैल धरला की शर्ट लोंबतो. माझा एक शर्ट लोंबला नाही आजवर."

"आता असं घ्या, की बाबांना कळूसुद्धा नये."

मास्तरनं नाराजीनंच घेतलं. यंत्रावर आकडा उमटला. मघाशी बावीस पूर्णांक सहा होता, आता तेवीस पूर्णांक एक. अर्धा मिलिमीटर. डोळा दाबला की आखूड भरतो, आखूड भरला की भिंग जास्त नंबरचं निघतं. जितकी मास्तर काळजी घ्यायचा, तितका दाबायचा.

मास्तर हुशार माणूस, त्याला दोन वाक्यांत सगळं कळलं. "म्हणजे धाकट्या बाईंना जे बोल लागतायत, ते माझ्यापायी?" त्यानं अंगातला कोट काढून घडी घालायला सुरुवात केली. "मी निघतो, बाई. चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

"खबरदार खुर्चीवरून उठलात तर!" बाई कडाडल्या. म्हातारेबाबा दचकून उभे राहिले. "तुम्ही नाही हो बाबा, तुम्ही बसा. मास्तर, तुम्हाला शिकवलं कुणी? मीच ना? एका दुपारात उरकलं, टेलरचा हात म्हणून खूश होऊन. फाशी द्यायचीच तर रांगेत मी पहिली आहे. कोट घाला."

मग त्यांनी घरून आपली जुनी ट्रंक आणवली. कुठल्याशा बेटावर काम करताना तिथल्या डॉक्टरनं त्यांना एक बारीकशी बिनबुडाची वाटी दिली होती. ती पापण्यांच्या आत डोळ्यावर बसवायची, त्यात सलाईनचं पाणी भरायचं आणि दांडी त्या पाण्यात धरायची. डोळ्याला स्पर्शच नाही, मग दाबणार काय? मास्तरनं वाटी उलटसुलट करून पाहिली. तासाभरात त्याचा हात बसला, आणि मग तोच बाईंना सांगू लागला की पाणी कोमट घेतलं तर माणूस दचकत नाही.

धाकटी थिएटरबाहेर हात धुवत होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं: सुई, कार्ड, मास्तर. तिनं नळ बंद केला.

"म्हणजे माझा हात..."

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही. कधी झालंच नव्हतं."

पण बाईंचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी पर्समधून पत्र काढून तिच्या ओल्या हातात दिलं. "हे आज टपालात पडणार होतं. तुला कळायला हवं."

तिनं ते उभ्यानं वाचलं. "सही केलीत."

"केली."

"मला न सांगता."

"हो."

"बाई, मला तुमचा भयंकर राग आलाय."

"यायलाच हवा."

"तीन दिवस मी घरी जाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडतेय. वाटलं, तुम्ही चार वर्षं माझ्यावर घातलीत आणि मी त्यांची माती केली. तुम्ही मागे उभ्या होतात ना, तेव्हा माझाच माझ्या बोटांवरचा विश्वास उडाला. एकदा विचारायचं तरी होतं, की पोरी, आपण मिळून शोधू या का?"

बाईंना माफी मागायची सवय नव्हती. नवऱ्याकडेही त्यांनी ती कधी मागितली नव्हती, आणि तिथं तर कारणं ढीगभर होती. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर संशय घेणं सोपं होतं, म्हणून घेतला. माफ कर मला."

धाकटीनं डोळे पुसले. "किती दिवस उरलेत?"

"पाच."

"मग राग नंतर सवडीनं काढते," ती म्हणाली. "आधी माणसं शोधू."

पुढचे पाच दिवस दवाखान्याची नुसती पळापळ. आठ महिन्यांत ऑपरेशन झालेले एकशे अठरा जण डोंगरभर पसरलेले. थोरल्या बाईंच्या नवऱ्यानं मोजणीदाराची जुनी सवय बाहेर काढली आणि वाडीवार, घरवार असा नकाशा करून दिला, की जीप एका रस्त्यानं दोनदा जाऊ नये. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो नळाबद्दल चकार शब्द बोलला नाही. बाई एका जीपमध्ये, धाकटी दुसऱ्या. प्रत्येकीकडे तक्ता, छिद्राचं कार्ड आणि तयार चष्म्यांची पेटी. एकशे चार जण सापडले. चष्मा लावल्यावर त्यातल्या शहाण्णव जणांनी ठरलेली ओळ घडाघडा वाचली. एक आजोबा चष्मा लावून अंगणात आले, समोरच्या डोंगराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, वर झाडं पण आहेत की!" आत्यानं मात्र चष्मा साफ नाकारला. "लांबचं बघून काय करू? लांब सगळे माझे नातेवाईकच राहतात."

इकडे, रोज जीप निघायच्या आधी पहाटेच, धाकटीनं वाटीनं मोजून केलेले पहिले अकरा डोळे. पट्टी काढली आणि दहा जणांनी दुसऱ्याच दिवशी, बिनचष्म्यानं, ती ओळ वाचली.

समिती आली. तीन माणसं, त्यांचा प्रमुख म्हणजे साहेब, थोरल्या बाईंचा वर्गमित्र, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातला डोळ्यांचा डॉक्टर. माणूस वाईट नव्हता. पण आयुष्यभर आकडे वाचून वाचून त्याचा माणसांवरचा भरवसा उडाला होता. त्यानं कागद पाहिले, अकरा रोग्यांना स्वतः तपासलं, मास्तरला यंत्रावर बसवून मापं घ्यायला लावली. मास्तरनं घाम पुसत पुसत सहा डोळे मोजले, सहाच्या सहा अचूक.

"मोजमापाची चूक होती, पटलं," साहेब म्हणाला. "पण त्यानं हिचा हात चांगला आहे हे सिद्ध होत नाही. अकरा डोळे म्हणजे काय? योगायोगही असेल." मग त्यानं बाईंकडे रोखून बघितलं. "तुझा उजवा डोळा गेलाय, दिसतंय मला. खरं सांग हं. तो माझ्या हॉस्पिटलात येऊन करून घेणार आहेस, की हिच्याकडून?"

प्रश्न झोंबणारा होता, कारण तो रास्त होता.

"हिच्याकडून," बाई म्हणाल्या. "आणि नंतर कधीतरी नाही, आज. आत्ता. तू खुर्ची टाकून बस आणि बघ." त्यांनी घड्याळ काढून नर्सच्या हातात दिलं. "मास्तर, वाटी घ्या. मोजा माझा डोळा."

सगळ्यांची एकच धावपळ उडाली. कुणी चादर आणली, कुणी टोपी. बाई थिएटरच्या दाराशी पोचल्या, तर दारात धाकटी उभी.

"नाही, बाई."

साहेबाची भुवई वर गेली. बाईंना वाटलं, ऐन वेळी पोर कच खातेय! "अगं, घाबरतेस काय? मी आहे ना."

"घाबरत नाहीये. तुमचा नंबर नाही." धाकटीचा आवाज अगदी नेहमीचा होता, रोज ओपीडीत असतो तसा. "बाहेर चौदा जण बसलेत. त्यातले नऊ दोन्ही डोळ्यांनी आंधळे. तुमचा डावा शाबूत आहे. आधी दोन्ही डोळ्यांनी आंधळे, मग एका डोळ्याचे, हा नियम तुमचाच, तुमच्याच अक्षरात भिंतीवर आहे. कुणाच्या पैजेसाठी मी त्या आजींना मागे ढकलणार नाही." तिनं नर्सकडून चिठ्ठी घेतली, लिहिली आणि बाईंच्या हातावर ठेवली. "शुक्रवार, सहावा नंबर. सकाळी हलकं खाऊन या."

बाईंनी चिठ्ठी मुठीत धरली.

धाकटी साहेबाकडे वळली. "सर, हात बघायचा असेल तर टोपी-मास्क घालून आत या. पहिल्या आजी तयार आहेत. फक्त मागे उभं राहून बोलायचं नाही."

साहेब मुकाट्यानं मास्क शोधू लागला.

दार बंद झालं. बाई बाहेरच्या बाकावर, रोग्यांच्या ओळीत जाऊन बसल्या. आपल्याच थिएटरच्या बाहेर त्या आयुष्यात कधी बसल्या नव्हत्या. आतलं काही दिसत नाही, ऐकू येत नाही, नुसतं दार बघत बसायचं. एक आजी बाहेर आल्या, मग एक बाबा, मग आणखी एक आजी. साहेब काही बाहेर येईना. बाईंनी नखं खाल्ली. सातवा रोगी बाहेर आल्यावर साहेब आला. मास्क काढला, पुसून चष्मा लावला आणि बाकावर टेकून त्यानं फाईल गुडघ्यावर घेतली.

"सही करायला पेन आहे का गं?" त्यानं विचारलं.

"आधी काय लिहिणार आहेस ते सांग की."

"चालू ठेवावं, असं लिहिणार आहे. आणि खाली, की बाकीच्या सगळ्या दवाखान्यांतल्या सर्जननी इथं येऊन महिनाभर शिकावं." त्यानं सही ठोकली. "आणि तो तुझा टेलर मला हवाय. आमच्याकडे सगळे मोजणारे दाबतच असणार, आजवर कुणी वाकून बघितलं नाही. तुझ्याहून चांगली करते ती, सांगू का?"

"मला काय सांगतोस?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी नाक पुसलं. साहेबानं त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि तो परत मास्क लावून आत गेला. अजून सात उरले होते, आणि त्याला ते सगळे बघायचे होते.

बाकावर शेजारी एक म्हातारी बसली होती. तिला दिसत काही नव्हतं, पण कान तिखट होते.

"बाई, तुमची चांगली ओळख दिसतेय आत," ती म्हणाली. "मग काय, तुमचा नंबर आधी लागला असेल."

"छे हो!" बाई म्हणाल्या, आणि ती चिठ्ठी त्यांनी म्हातारीच्या हातात दिली, तिला वाचता येणार नाही हे ठाऊक असूनही. "मला शुक्रवारचा दिलाय. सहावा. तुमच्या मागे."